साठ बुजवलेल्या आणि बारा उघड्या

मागच्या आठवड्यात मंगळवार पेठेतल्या आमच्या शेजाऱ्यांनी चिनी मातीची एक देखणी कुंडी आणली. पांढरीशुभ्र, वर निळी नक्षी. दसरा झाला, आता थंडीतलं काहीतरी फुलणारं लावून द्या, म्हणाले. मी कुंडी उचलली, पालथी करून पाहिली आणि खाली ठेवली.

"भोक नाही," मी म्हटलं.

"नसू दे की. दुकानदार म्हनला, त्यामुळंच फरशी घान होत न्हाय."

त्यावर मी जे बोललो ते छापण्यासारखं नाही. शेजारी कुंडी घेऊन गेले, ते अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. बायको म्हणाली, "एका कुंडीपायी माणूस एवढा ओरडतो होय?"

प्रश्न एका कुंडीचा नव्हता. साठ कुंड्यांचा होता, आणि त्या साठांमागे एका बाईच्या पोटाचा. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा कंद लावायची वेळ झालेली असेल, म्हणून ती हकिकत आताच सांगतो.

मी बावीस वर्षं एका मोठ्या संस्थेच्या बागेत मुकादम होतो. संस्थेचं नाव सांगत नाही. कोल्हापुरात ज्यांना कळायचं त्यांना कळेल. बाग अडीच एकरांची, माणसं सात. बागेतला मुकादम म्हणजे काय, असं लोक विचारतात. माळी झाडाकडे बघतो, साहेब फुलाकडे बघतात आणि मुकादम तारखेकडे बघतो. अमुक दिवशी फूल हवं असेल तर मागे किती दिवस मोजून कंद मातीत घालायचा, हे माझं काम. ग्लॅडिओलसला आमच्या हवेत पंच्याऐंशी दिवस लागतात. सव्वीस जानेवारीला फुलं हवी असतील तर दोन नोव्हेंबरला लावणी. एक तारखेला नाही, पाच तारखेला नाही. मी बावीस वर्षांत ही तारीख एकदाही चुकवली नाही. हे अभिमानाने सांगत होतो, पण पुढचं वाचल्यावर तुम्हीच ठरवा त्या अभिमानाची किंमत काय.

लावणी अशी. चौदा इंची मातीची कुंडी. तळाच्या भोकावर फुटक्या कुंडीची खापरी, तिची पाठ वर येईल अशी ठेवायची, म्हणजे पाणी जातं आणि माती राहते. त्यावर दोन इंच विटांचे तुकडे. मग दोन भाग पोयटा, म्हणजे नदीकाठचा गाळ, एक भाग जुनं शेणखत, एक भाग वाळू. पोयटा आम्ही कुरुंदवाडहून आणायचो. एका कुंडीत सात कंद, एक मध्ये आणि सहा भोवती, चार इंच खोल, कोंब वर. कडेने फ्लॉक्सची, म्हणजे बुटक्या रंगीत फुलांची, नऊ रोपं. खाली कंद वाढत राहतो, वर फ्लॉक्स भरत जातं आणि महिनाअखेर त्यातून पात्यांसारखी पानं वर येतात. दिसायला सोपं आहे. सगळं अवलंबून असतं ते त्या अंगठ्याएवढ्या भोकावर, आणि ते कुणाला दिसत नाही.

शांताबाई आमच्याकडे नऊ वर्षं रोजंदारीवर होत्या. माहेर कुरुंदवाड, नवरा कबनूरला यंत्रमागावर कामाला, दर रविवारी यायचा. पोयटा हातात घेऊन तो काठावरचा की आतल्या शेतातला हे त्या सांगायच्या. पण त्यांची खरी विद्या वेगळी होती. पाणी घालण्याआधी त्या प्रत्येक कुंडीला बोटाच्या पेरानं टिचकी मारायच्या. माती कोरडी असेल तर कुंडी खणखण वाजते. ओली असेल तर बद्द वाजते. खणखण वाजली तर पाणी, बद्द वाजली तर पुढे. बहात्तर कुंड्यांची ओळ त्या पंधरा मिनिटांत वाजवत जायच्या.

मी मात्र तक्ता केला होता. वनस्पती तुपाचा एक किलोचा डबा, एका कुंडीला एक डबा, दिवसाआड. तक्ता पत्र्याच्या खोलीच्या दारावर लावलेला. शांताबाई तक्त्याकडे बघायच्या, मान हलवायच्या आणि टिचकीच मारायच्या. फुलं चांगली येत होती, म्हणून मीही ती तक्त्याचीच समजत होतो.

त्या वर्षी माळ्याची एक कायम जागा रिकामी झाली. नऊ वर्षांची रोजंदारी, हात असा. मी शांताबाईंची शिफारस केली. साहेब म्हणाले, "सव्वीस जानेवारीला बहात्तर कुंड्या फुललेल्या दाखवा, सत्तावीसला सही करतो." हे त्यांनी शांताबाईंसमोर सांगितलं. लावणीसाठी कंद मी त्यांना मोजून दिले. पाचशे चार.

दोन नोव्हेंबरला लावणी झाली. पस्तीस दिवस कुंड्या मागच्या अंगणात उन्हात राहिल्या, गुडघ्याएवढी पानं आली. छत्तिसाव्या दिवशी आम्ही त्या पुढच्या नव्या व्हरांड्यात मांडल्या. साठ पुढे, दोन्ही बाजूंना तीस-तीस. उरलेल्या बारा मागच्या व्हरांड्यात, मुदपाकखान्याच्या गटाराजवळ. साहेबांनी आधीच सगळ्या कुंड्यांना लाल ऑइल पेंट लावायला लावला होता. आम्ही गेरू लावायचो. गेरूतून मडकं श्वास घेतं, पेंटमधून घेत नाही. मी तसं म्हटलं. "गेरू पाहुण्यांच्या कपड्यांना लागतो," साहेब म्हणाले. ठीक. तेवढं झाडांनी सोसलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी झालं आणि चार कुंड्यांखालून गढूळ ओघळ निघून नव्या मोझॅकवर आले. साहेब आले, त्यांनी ओघळ पाहिले.

"मुकादम, हे काय?"

"पाणी आहे, साहेब. पुसून घेतो."

"हा व्हरांडा मी सहा महिने उभा राहून करून घेतलाय. यावर डाग पडलेला मला चालणार नाही. भोकं बुजवा."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "साहेब, कुंभाराकडून थाळ्या मागवतो. बहात्तर थाळ्या, खाली ठेवल्या की..."

"थाळ्या? पाहुण्यांचं स्वागत करायचंय की पंगत बसवायचीय? भोकं बुजवा. सिमेंटनं."

मी भोकाचं काम काय, हे सांगितलं. मुळं कुजतील, असं सरळ सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "धरणाला भोक असतं का? पाणी तिथं राहतंच ना? आणि त्याच्या काठाला हिरवंगार असतं." शिकलेला माणूस होता. पदवी होती, परदेश पाहिलेला होता. हे वाक्य त्यानं तीन माणसांसमोर उच्चारलं आणि तिघांतला एकही हसला नाही. मीही नाही.

गवंडी आला. दोघांनी कुंडी उचलायची, त्यानं खालून सिमेंटचा गोळा दाबायचा. पाचव्या कुंडीला तो थांबला.

"पावणं, हे काय काढलंसा? भोक ठेवायला कुंभार येडा हुता म्हनायचं काय?"

"साहेबांचा हुकूम आहे."

"माझं काय, बुजवा म्हनलं की बुजवतो. पर घरात जाऊन सांगू काय? बायकू हसंल."

बहात्तरच्या बहात्तर बुजवल्या. मागच्या बाराही. साहेबांचा हुकूम 'सर्व कुंड्या' असा होता आणि मी हुकूम शब्दशः पाळणारा माणूस.

तिसऱ्या दिवशी शांताबाई माझ्याकडे आल्या. "मुकादम, समद्या बद्द वाजत्यात. आज पानी नको."

"तक्त्यात आज पाणी आहे."

"तक्ता कुंडीला वाचता येतोय व्हय?"

मी चिडलो. आज मान्य करतो, ती चीड साहेबांवरची होती आणि निघाली शांताबाईंवर. "नऊ वर्षं हेच पाणी दिलंय. आता सहा आठवड्यांसाठी बदलायचं नाही. उद्या काही झालं तर तक्ता मोडला म्हणून आपल्यावर येईल."

"काय झालं तर म्हंजे? हुनारच हाय की." एवढं म्हणून त्या गेल्या आणि तक्त्याप्रमाणे पाणी घातलं. पुढच्या साठांना.

दहाव्या दिवशी पुढच्या कुंड्यांतल्या पानांची टोकं पिवळी पडली. मी मोजली. एकोणीस कुंड्या. बाराव्या दिवशी चव्वेचाळीस. मागे गेलो तर बाराच्या बारा हिरव्यागार. मी एक कुंडी तिरपी केली. सिमेंटचा गोळा फोडलेला होता, कडा खिळ्यानं तासलेल्या होत्या. पाणी सरळ गटारात जात होतं. मोझॅकला डाग पडायचा प्रश्नच नव्हता.

"हे कुणी केलं?"

"मी," शांताबाई म्हणाल्या. "खिळा आन् दगड. पुढच्याबी फोडतो, तुमी फकस्त व्हय म्हना."

इथे मी व्हय म्हणायला हवं होतं. साठ कुंड्या, एका कुंडीला पाच मिनिटं, तीनशे मिनिटं. पाच तासांचं काम होतं. त्या वेळी कंद वाचले असते. मी काय केलं? मी साहेबांना लेखी परवानगी मागितली. बावीस वर्षांत कागदाशिवाय एक पान तोडलं नाही, असा मी. कागद गेला. उत्तर यायला नऊ दिवस लागले. 'पूर्वीच्या आदेशात बदल करण्याचे कारण दिसत नाही.' तोवर मी पाणी बंद केलं होतं, पण उपयोग नव्हता. पेंट मारलेलं मडकं, तळाला सिमेंट. आत घातलेलं पाणी आतच होतं. पुढच्या व्हरांड्यात वास यायला लागला. नासलेल्या कांद्याचा असतो तसा. साहेबांनी फिनेल मारायला सांगितलं.

सव्वीस जानेवारीच्या पहाटे एक टेम्पो आला. त्यात बाजारातून आणलेली ग्लॅडिओलसची कापलेली फुलं होती, जुड्याच्या जुड्या. साहेबांनी ती पुढच्या साठ कुंड्यांत खोचायला लावली. आम्ही खोचली. मीही खोचली. मऊ, सडलेल्या मातीत देठ लोण्यात जावेत तसे जात होते. मला अजून त्या मातीचा स्पर्श आठवतो.

प्रमुख पाहुणे साडेआठला आले. झेंडावंदन झालं. व्हरांड्यातून जाताना ते थांबले आणि म्हणाले, "वा! काय तजेला आहे! घरच्या बागेतलं वेगळंच असतं, बाजारातल्या फुलांना हे येत नाही."

साहेब हसले. "सगळ्यांचे कष्ट आहेत, सर."

मागच्या व्हरांड्यात बारा कुंड्या उभ्या फुलल्या होत्या. गुलाबी, पांढरी, एक जांभळी. तिकडे कुणी गेलं नाही. शांताबाई तिथं इस्त्रीचं लुगडं नेसून उभ्या होत्या, कारण साहेब सत्तावीसला सही करणार होते. अकराला पुढच्या खोचलेल्या फुलांनी माना टाकल्या. बाराला शिपायांनी ती उपटून नेली.

इथे गोष्ट संपली असती. पण कंद साठ्याच्या वहीत नोंदलेले असतात. दर उन्हाळ्यात पानं वाळली की कंद काढायचे, वाळवायचे, मोजून परत जमा करायचे. पाचशे चार दिले, पाचशे चार परत. त्या वर्षी पुढच्या साठ कुंड्यांतले जवळजवळ सगळे कुजले, त्यामुळे वरून विचारणा येणार होती. साहेबांनी खुलासा तयार केला: 'रोजंदारी मजूर बाईने अतिरिक्त पाणी दिल्याने नुकसान.' माझ्यापुढे सहीला ठेवला.

मी सही केली नाही. हे मी ठणकावून सांगतो, कारण या प्रकरणात मी केलेली ही एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे. मी म्हटलं, "साहेब, मी माझा अहवाल देतो. आकड्यांसकट."

रात्री घरी बसून तक्ता आखला. कुंडी क्रमांक एक ते बहात्तर. भोक बुजवल्याची तारीख. पाण्याचे दिवस. लावलेले कंद. फुललेले कंद. साठ बुजवलेल्या कुंड्या, चारशे वीस कंद, फुलले एकतीस, तेही खुरटे. बारा उघड्या कुंड्या, चौऱ्याऐंशी कंद, फुलले एकोणऐंशी. एकच माती, एकच तारीख, एकाच बाईचा हात. फरक फक्त भोकाचा. याहून स्वच्छ पुरावा मी आयुष्यात पाहिला नव्हता. आणि पुरावा पुरा व्हावा म्हणून शेवटचा रकाना आखला: 'भोक कोणी उघडले'. बारा ओळींत लिहिलं, शांताबाई.

सकाळी त्यांना वाचून दाखवला. त्या ऐकत होत्या. शेवटचा रकाना आला तशा म्हणाल्या, "त्यात माजं नाव कशापायी?"

"श्रेय तुमचं आहे. ते कागदावर यायला नको?"

"बारा फुलल्यात ते दिसतंय की. नाव ऱ्हाऊ द्या."

"शांताबाई, आकडे बोलतात."

"बोलत असतील. सायबाला ऐकू येतंय का ते बघा."

मला तो शेरा आगाऊ वाटला. मी अहवाल तसाच नेऊन दिला.

साहेबांनी तो वाचला. कंदांचे आकडे त्यांनी पाहिले की नाही, मला माहीत नाही. त्यांचं बोट सरळ शेवटच्या रकान्यात गेलं. तांबडी पेन्सिल काढून त्यांनी बारा नावांच्या कडेनं एक लांब उभी रेघ मारली.

"म्हणजे लेखी आदेश मोडून हिनं संस्थेच्या मालमत्तेची तोडफोड केली. हे तुम्हीच लेखी देताय, मुकादम. बरं झालं."

"साहेब, त्यामुळेच त्या बारा..."

"आज बारा कुंड्या फोडल्या, उद्या काय फोडेल? अशा व्यक्तीला माळ्याची कायम जागा देता येणार नाही." मग त्यांनी शांताबाईंना आत बोलावलं आणि मोठ्या उपकाराच्या आवाजात म्हणाले, "पण नऊ वर्षं काढलीस, म्हणून विचार करतो. झाडलोटीची एक जागा आहे. त्या कामाची तुमच्यात सवय असते."

शांताबाईंचं घर बौद्ध. साहेबांना ते माहीत होतं, म्हणूनच ते वाक्य आलं. मी उभा होतो. आकड्यांचा माणूस, त्या खोलीत मला एकही आकडा आठवला नाही.

शांताबाई म्हणाल्या, "झाडू माज्या घरात हाय. घर झाडायला. हितं मी नऊ वर्सं मातीत हात घातलाय. सायेब, तुमच्या समद्या कुंड्या बद्द वाजत्यात, बाहिर जाऊन वाजवून बघा." आणि निघून गेल्या. त्या दिवसाचा रोजही न्यायला आल्या नाहीत.

पुढच्या वर्षी एक परिपत्रक निघालं. 'सर्व कुंड्यांना तळाशी एक इंच व्यासाचे छिद्र असावे. प्रयोगाअंती असे आढळले आहे की...' खाली माझे आकडे होते, एकतीस आणि एकोणऐंशी. शेवटचा रकाना नव्हता. सही साहेबांची. त्यांचं वर कौतुक झालं, असं ऐकलं. मी ते परिपत्रक फाडलं आणि फाडलेले तुकडे दप्तरी लावले, कारण कागद नाहीसा केला असं कुणी म्हणायला नको. आज ते लिहितानाही माझे कान तापतात.

चार वर्षांनी पोयटा भरायला कुरुंदवाडला गेलो होतो. ट्रक नदीकाठी लावला आणि समोरच्या पट्ट्यात शेवंतीत वाकलेली बाई दिसली. शांताबाई. भावाच्या रानात फुलं करत होत्या. नवराही माग सोडून तिथंच आला होता. त्यांनी चहा केला. मी परिपत्रकाचं सांगितलं.

त्या खळखळून हसल्या. "म्हंजे सायबाला भोक सापडलं म्हनायचं!"

मला हसू येईना. चार वर्षं जे मनात होतं ते मी बोललो. "शांताबाई, चूक माझी झाली. तो शेवटचा रकाना मी कोरा ठेवायला हवा होता."

त्यांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, रागानं नाही, एखाद्या कुंडीला टिचकी मारून ऐकावं तसं.

"कोरा कशापायी, मुकादम? तुमचं नाव घालायचं हुतं की."

ट्रक भरला तसा मी उठलो. तो तक्ता मी स्वतः पट्टीनं आखला होता. शेवटच्या रकान्याची रुंदी दीड इंच होती. माझं नाव त्यात सहज मावलं असतं.